जुन्या गेमबॉयला आतून उजेड द्यायचाय, हे काम कुणी हातानं केलंय का?

पडवीतला, खानापूर

नमस्कार मंडळी.

आमचे मामा मडगावचे, जहाजावर कामाला. १९९३ च्या चतुर्थीला आले ते एक राखाडी गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, घेऊनच. तोच पहिलावहिला, विटेसारखा जाड, मागं डीएमजी-०१ छापलेला. सोबत टेट्रिसची, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायच्या खेळाची, एकच कॅसेट. आम्ही चार भावंडं. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळं ऊन खांद्यावरून बरोबर पडद्यावर पडलं तरच ठोकळे दिसायचे. सकाळी पुढच्या पडवीत, दुपारनंतर गोठ्याच्या दारात. सूर्य सरकेल तसे आम्ही सरकायचो. आजी म्हणायची, पोरं सूर्यफुलाच्या वाणाची निघाली.

मध्ये वीस-बावीस वर्षं तो ट्रंकेत होता. गेल्या दिवाळीला साफसफाईत सापडला. सेलच्या खोबणीत हिरवट बुरा साचलेला, तो खरवडला, नवे सेल घातले आणि टिंग करून सुरू झाला की हो! आता तो माझ्या मुलीनं बळकावलाय. सातवीत आहे.

अडचण अशी की आमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन म्हणजे पाहुणा. संध्याकाळी पाऊस लागला की लाइट जाते, मग चार्जिंगच्या बत्तीखाली पडदा नुसता शेवाळलेल्या पाट्यासारखा दिसतो. "पप्पा, ह्याच्यात लाइट का नाही घातली?" हा प्रश्न रोज. म्हणून आत बॅकलाइट बसवायचं ठरवलंय.

मी पंपाचे स्टार्टर, मिक्सर, इन्व्हर्टर उघडतो. सोल्डरिंग येतं. पण हे काम नाजूक दिसतंय. मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे आहेत, त्याला माझ्याकडं हत्यार नाही. आणि पडद्यावर मधोमध तीन उभ्या रेषा आणि उजवीकडं एक, अशा चार रेषा दिसतच नाहीत, तिथं ठिपके उमटत नाहीत. बेळगावात दोन ठिकाणी दाखवला. एकानं हातात घेऊन हसून परत दिला, दुसरा म्हणाला टाकून द्या, मोबाइलवर हाच गेम फुकट आहे. कुणी केलं असेल तर सांगा.

कॅम्पवाला

भाऊ, आता आयपीएस पडद्याचं, म्हणजे मोबाइलसारख्या आतून उजळणाऱ्या नव्या पडद्याचं, तयार किट मिळतं. जुना पडदा काढायचा, नवा घालायचा, खरवडाखरवड काही नाही. उजेड झकास, रंग पाहिजे तो निवडता येतो. रेषांचा प्रश्नही सुटला. जुन्या काचेच्या मागं लागून डोकं कशाला खराब करून घ्यायचं?

जुना टीव्हीवाला, टिळकवाडी

कॅम्पवाले म्हणतात ते खोटं नाही. पण मग ते यंत्र मामांचं राहत नाही, नुसती पेटी मामांची राहते. हे माझं मत, पटलं तर घ्या.

पडवीतले, मी जन्मभर टीव्ही दुरुस्त केले. पिक्चर ट्यूब गेल्या, तसं दुकानही गेलं. आता भाच्यांची आणि त्यांच्या दोस्तांची खेळणी उघडत बसतो. हे बॅकलाइटचं काम चार वेळा केलंय, त्यात पहिला गेमबॉय मारलाय. म्हणून जरा लांबून सांगतो.

आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. लाइट विसरून राहिलेली नाही, मुद्दाम घातलेली नाही. हे यंत्र ज्यांच्या हाताखाली तयार झालं ते निन्टेंडोचे गुनपेई योकोई. त्यांची रीतच अशी की जुनी होऊन स्वस्त झालेली वस्तू घ्यायची आणि तिचा नवा उपयोग काढायचा. १९८९ मध्येच अटारीचा लिंक्स आला, रंगीत पडदा, आत दिवा. १९९० ला सेगाचा गेम गियर, त्यातही दिवा. दोघांना सहा-सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते बघता बघता बसायचे. गेमबॉय चार सेलांवर त्यांच्या कितीतरी पुढं जायचा. १६० गुणिले १४४ ठिपके, चार छटा, बाकी सूर्याच्या भरवशावर. निन्टेंडोनं स्वतः आत दिवा दिला तो १९९८ च्या गेमबॉय लाइटमध्ये, आणि तो जपानच्या बाहेर विकलाच नाही. म्हणजे तुम्ही पोरं गोठ्याच्या दारात बसत होता तो योकोईंचा हिशोब होता.

आता पडदा. दोन काचा, मध्ये द्रव. पुढच्या काचेवर एक पोलरायझरची, म्हणजे उजेड एकाच दिशेनं गाळणारी, पट्टी, मागच्या काचेवर दुसरी, आणि त्या दुसरीच्या पाठीला चंदेरी वर्ख. पुढून आलेला उजेड वर्खावर आपटून परत येतो, म्हणून आपल्याला दिसतं. मागून दिवा लावायचा तर वर्ख आडवा येतो, तो काढलाच पाहिजे. पण वर्ख आणि मागचा पोलरायझर एकजीव चिकटवलेले असतात, एक निघाला की दुसरा निघतोच. म्हणूनच बॅकलाइटच्या किटमध्ये दिव्याच्या पॅनेलबरोबर नवी पोलरायझरची पट्टी येते. सोल्डरिंगला घाबरू नका, ते दोन टाके आहेत. भ्यायचं ते ह्या पट्टीला.

पण पट्टीच्या आधी रेषा. मी तुमच्या जागी असतो तर किट मागवायच्याही आधी रेषा बघितल्या असत्या. उभ्या रेषा गेल्या असतील तर बहुतेक वेळा काच फुटलेली नसते. काचेच्या खालच्या कडेला एक पातळ पट्टा येतो, तो उष्णतेनं चिकटवलेला असतो, आणि इतक्या वर्षांत तिथली पकड सुटते. पुढचा भाग उघडा, पडद्याच्या खाली रबराची काळी पट्टी दिसेल, ती अलगद काढा. यंत्र चालू ठेवा. सोल्डरिंग आयर्न कमी उष्णतेवर, टोक स्वच्छ, टिन न लावता, त्या पट्ट्याच्या जोडावरून डावीकडून उजवीकडं सावकाश फिरवा. दाबायचं नाही, इस्त्रीसारखं. रेषा एकेक करून परत येताना दिसतात. मला तर त्या वेळी जुन्या टीव्हीत चित्र धरल्यासारखं होतं. आडव्या रेषा गेल्या असत्या तर मी तुम्हाला कॅम्पवाल्यांचंच ऐका म्हटलं असतं, बाजूचा पट्टा तेवढा सरळ नसतो.

माझे उस्ताद धारवाडकडचे होते. हात घाईत दिसला की मागून आवाज यायचा, "निधान माड्री!" म्हणजे कन्नडमध्ये सावकाश करा. पट्टी काढताना तेवढंच आठवा.

ज्या कोपऱ्याला कुठलाच पट्टा येत नाही अशा वरच्या कोपऱ्यात दाढीच्या ब्लेडनं पट्टीची कड फक्त उचला. ब्लेड काचेला सपाट, जवळजवळ झोपवून. कड उचलली की ब्लेड ठेवून द्या. मग बोटांनी धरून, काचेला समांतर, मागं मागं ओढत जायचं. वर ओढलं की काच वाकते, आणि वाकली की गेली. पहिल्या वेळी मी ब्लेड ठेवलं नाही, खालपर्यंत तेच चालवलं. बाजूच्या पट्ट्याला एक ओरखडा पडला आणि सहा आडव्या ओळी कायमच्या गेल्या. यंत्र दुसऱ्याचं होतं. तो माणूस काही बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पट्टी निघाली तरी काचेवर गोंद राहतो. मोबाइल दुरुस्तीवाले आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरतात, ते थोडं मागून आणा. कापसाचा बोळा ओला करून गोंदावर दहा मिनिटं ठेवा आणि मऊ झाला की पुसा. चार-पाच वेळा करावं लागतं. थिनर नको, प्लास्टिक खातं. कोरोनातलं सॅनिटायझर उरलं असेल तर तेही नको, त्यात ग्लिसरीन असतं, काचेवर तवंग राहतो.

उद्यमबागेतला फिटर

स्क्रूबद्दल सांगतो. किटबरोबर कधी कधी तीन पाकळ्यांचा पाना येतो, कधी येत नाही. मोबाइलच्या हत्यारांच्या डब्यातही असतो, पण मोठा-छोटा बघून घ्या. नसेल तर छोट्या चपट्या पेचकसाला कानशीनं घासून तीनपैकी दोन पाकळ्यांत बसेल असा करता येतो. मी तसाच केलाय, जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं लागली. स्क्रू जुने आणि मऊ असतात, घसरला की पाकळ्यांचं पीठ होतं. आधी जोर लावून दाबायचं, मग फिरवायचं.

उघडताना मागचा आणि पुढचा भाग झटकन वेगळा करू नका. मध्ये चपटी केबल आहे, ती पुढच्या बोर्डाच्या खोबणीतून सरळ ओढून काढायची. आमच्या एका पोरानं पुस्तक उघडल्यासारखं उघडलं होतं आणि केबल फाटली.

आणि तो हिरवट बुरा खरवडलात म्हणालात, तो अल्कलाइन सेल गळल्याचा असतो. कापसाला व्हिनेगर लावून पुसा, मग स्पिरिटनं. नुसतं खरवडलं तर परत वाढतो.

पडवीतला, खानापूर

सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणं रेषांपासून सुरुवात केली. फिटरभाऊंसारखा पेचकस घासायला गेलो, तासभर गेला, शेवटी जमला.

रबरी पट्टी काढून आयर्न फिरवलं. मुलगी टॉर्च धरून बसलेली. मधल्या तिन्ही रेषा आल्या! तिसरी आली तेव्हा ती एवढ्यानं ओरडली की शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात. उजवीकडची एक काही आली नाही, दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही.

किट मागवलं. यायला सव्वा महिना लागला. पार्सल आलं त्या दिवशी पाऊस असा की आमच्या ओढ्याला पूर. पट्टी काढायला दोन तास लागले. मध्ये दोनदा चहा घेतला, हात थरथरायला लागले की उठायचो. निघाली एकदाची, आख्खी, न फाटता.

पण आता पडदाच कोरा आहे. चालू केलं की आवाज येतो, लाल दिवा लागतो, काच मात्र स्वच्छ पारदर्शक, एक ठिपका नाही. मारला का मी पण?

आणि किटमध्ये दोन पारदर्शक तुकडे आहेत. पोलरायझर कुठला ते कळेना.

जुना टीव्हीवाला, टिळकवाडी

काही मारलं नाही. बसा, पाणी प्या. मागचा पोलरायझर तुम्ही आत्ताच काढलात, मग चित्र दिसणार कसं? ठिपके तिथंच आहेत, आपल्या डोळ्याला फरक कळत नाही एवढंच.

दोन तुकड्यांचं असं करा. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा आणि तुकडा त्यापुढं धरून गोल फिरवा. फिरवता फिरवता काळा पडेल तो पोलरायझर. दुसरा नुसता पसरवणारा कागद असेल. पोलरायझरवर दोन्ही बाजूंनी संरक्षक पापुद्रा असतो, तो इतक्यात काढू नका. यंत्र चालू ठेवून तुकडा काचेमागं सरकवा, चित्र उमटेल. फिरवून, उलटून बघा. एका बाजूनं हलक्या पार्श्वभूमीवर गडद ठोकळे दिसतील, दुसऱ्या बाजूनं सगळं उलटं, निगेटिव्हसारखं. सुलटी बाजू ठरली की कोपऱ्याला पेनानं खूण करा, मग पापुद्रे काढा आणि पॅनेल मागं घाला.

पॅनेलच्या वायरी पुढच्या बोर्डावर, उजवीकडं खाली जो कपॅसिटर आहे त्याच्या दोन पायांना. लाल धनला, काळी ऋणला. तिथं पाच व्होल्ट मिळतात. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन लागतात, म्हणून मध्ये रेझिस्टर हवाच. पॅनेलवर छापलेला असेल तर ठीक, नसेल तर शंभर ओहमचा घाला. दोन व्होल्ट भागिले शंभर, वीस मिलिअँपियर, एवढं बास. दिवा अंगणात नव्हे, काचेमागं लावायचाय.

आणि धुळीचं बघा. मागून दिवा लागला की काचेवरचा प्रत्येक कण चांदण्यासारखा चमकतो. तुमच्याकडं पाऊस आहे हे एका अर्थी बरंच, हवेत धूळ नाही. पंखा बंद ठेवा.

अनगोळची, इंजिनिअरिंग

मध्येच बोलते, सॉरी. काका ज्याला निगेटिव्ह म्हणाले ना, ते फुकट जात नाही. पोलरायझर तसाच उलटा लावायचा आणि पडद्याकडं जाणाऱ्या चित्राच्या दोन सिग्नल लाइन एका इन्व्हर्टर आयसीतून उलट्या करायच्या, म्हणजे निगेटिव्हचं निगेटिव्ह. ह्याला बायव्हर्ट म्हणतात. ७४एचसी०४ सारखा साधा आयसी चालतो. नुसत्या बॅकलाइटमध्ये काळा रंग जरा फिकट पडतो, ह्यानं काळा नीट काळा दिसतो. मी हॉस्टेलवर केला, मैत्रिणीच्या दादाचा होता. फार बारीक सोल्डरिंग आहे, पण पंपाचे स्टार्टर उघडणाऱ्याला जमेल.

जुना टीव्हीवाला, टिळकवाडी

ताई, बरोबर सांगितलंत. मी करत नाही, माझे डोळे आता त्या बारीक पायांना पुरत नाहीत. पडवीतले, ह्यावेळी साधंच लावा. एका वेळी एकच धाडस.

पडवीतला, खानापूर

झालं.

काल रात्री साडेआठला. लाइट गेलेलीच होती, त्यामुळं सोल्डरिंग इन्व्हर्टरवर आणि बाकीचं टॉर्चवर. पोलरायझर सरकवल्यावर काचेत टेट्रिसचा खांब खाली येताना दिसला तेव्हा मी खरंच पाणी प्यायला उठलो. पॅनेल घातलं, दोन टाके दिले, बंद केलं. बटण सरकवलं तर पडदा हिरवा-पांढरा उजळला. आमच्या घरात तीस वर्षांत पहिल्यांदा तो गेमबॉय अंधारात दिसला.

आधी ठोकळे फार फिकट वाटले. डावीकडचं कॉन्ट्रास्टचं चाक बरंच पुढं फिरवलं तेव्हा बरोबर झालं. ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती म्हणून लिहितो.

उजवीकडची ती एक रेषा अजून नाही. आणि वरच्या कोपऱ्यात एक कण अडकलाय, काकांचं चांदणं. मी परत उघडायला निघालो तर मुलीनं हातातून ओढून घेतला. म्हणते राहू दे, मी त्याच्याबरोबर खेळते. बायको म्हणते, आधी सूर्य मावळला की तरी बंद व्हायचं, आता पांघरुणात घेऊन झोपते पोरगी, हे तुम्हीच करून सोडलंत. ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

सकाळी मामांना फोन केला. ते आता घरीच असतात, कमी ऐकू येतं. आतून दिवा लावला म्हटलं तर म्हणाले, "अरे, मग सेल किती खातोय?" पहिला प्रश्न हाच. अल्कलाइन सेल दर आठवड्याला परवडणार नाहीत, रिचार्जेबल चालतील का?

उद्यमबागेतला फिटर

चालतात. रिचार्जेबल एक एक पॉइंट दोन व्होल्टचा, चार मिळून चार पॉइंट आठ होतात, साध्या सेलांचे सहा. तरी चालतो, माझा चालतोय. फक्त लाल दिवा मंद झाला की लगेच बंद करा. चारही सेल एकाच वेळी चार्ज केलेले घाला, जुने-नवे मिसळू नका.

जुना टीव्हीवाला, टिळकवाडी

अभिनंदन. ती काढलेली जुनी पट्टी टाकली नसाल तर ठेवा, लेकीला लॅपटॉपपुढं फिरवून दाखवा, पाठीच्या वर्खामुळं आरपार दिसणार नाही पण वर्ख सुटला तर दिसेल. आणि डिसेंबरात थंडी पडली की कॉन्ट्रास्टचं चाक पुन्हा फिरवावं लागेल, पडद्यातला द्रव गारठ्यात आळशी होतो. तेव्हा बिघडला म्हणून उघडू नका.

मामांना माझा नमस्कार सांगा. जरा मोठ्यानं.